ॲलनचे स्टेडियम: सहा कोटी डॉलर आणि मतदाराला विचारलेला प्रश्न

अमेरिकेतील टेक्सास राज्यात डॅलसहून महामार्ग ७५ ने उत्तरेकडे निघाले, की प्लेनो ओलांडल्यावर ॲलन लागते. १९९० मध्ये या गावाची वस्ती १८ हजारांच्या आसपास होती. २००० मध्ये ती ४३ हजारांवर गेली आणि २०१० च्या जनगणनेत ८४ हजारांच्या पुढे पोहोचली. वीस वर्षांत साडेचार पटींनी वाढलेल्या या गावाने सार्वजनिक माध्यमिक शाळा मात्र एकच ठेवली. ऑगस्ट २०१२ मध्ये या एका शाळेच्या (अमेरिकन) फुटबॉल संघासाठी ५ कोटी ९६ लाख डॉलर खर्चून १८ हजार आसनांचे स्टेडियम उभे राहिले आणि त्याची बातमी अमेरिकेबाहेरही पोहोचली. अठरा महिने होतात न होतात तोच, फेब्रुवारी २०१४ मध्ये, काँक्रीटला गेलेल्या भेगांमुळे ते बंद करावे लागले, तेव्हा त्याहून मोठी बातमी झाली.

या प्रकरणावर तेव्हा जे लिहिले गेले त्यातील बरेचसे दोन टोकांचे होते. एका बाजूला, शिक्षकांना पगारवाढ नाही आणि पोरांच्या खेळासाठी राजवाडा बांधता, असा संताप होता. दुसऱ्या बाजूला, आमच्या गावाने आमच्या पैशाने, रीतसर मतदान करून बांधले, तर तुम्हाला काय, असे उत्तर होते. मला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात. हे प्रकरण नीट समजून घ्यायचे असेल, तर टेक्सासमध्ये शाळेसाठी कर कसा बसतो, कर्ज कसे काढले जाते आणि मतदारापुढे प्रश्न कोणत्या शब्दांत येतो, हे आधी पाहावे लागते. चूक काँक्रीटमध्ये होतीच, पण तिच्याही आधी ती प्रश्न मांडण्याच्या रीतीत होती.

गाव आणि संघ

टेक्सासमध्ये सार्वजनिक शाळा नगरपालिका चालवत नाही. त्यासाठी स्कूल डिस्ट्रिक्ट ही स्वतंत्र संस्था असते. तिचे विश्वस्त लोक निवडून देतात, तिची हद्द वेगळी असते आणि तिला घर, दुकान व जमीन यांवर स्वतःचा मालमत्ता कर लावता येतो. राज्यात व्यक्तिगत प्राप्तिकर नसल्याने या कराचे ओझे मोठे असते आणि घरमालकाच्या मालमत्ता करात शाळेचा वाटा बहुधा सर्वांत मोठा असतो.

ॲलनमध्ये वस्ती वाढली तेव्हा शेजारच्या गावांप्रमाणे दुसरी माध्यमिक शाळा काढण्याचा पर्याय होता. फ्रिस्कोने शाळांमागून शाळा उघडल्या. ॲलनने एकच शाळा वाढवत नेली. गाव एका नावाखाली, एका रंगाखाली एकत्र राहावे, ही त्यामागची भावना होती आणि ती खरी होती. शाळेच्या बँड पथकात सहाशेंहून अधिक मुले वाजवतात, यावरून तिचा आकार लक्षात यावा. २००८ मध्ये फुटबॉल संघाने राज्य अजिंक्यपद मिळवले. जुन्या स्टेडियममधील पक्की आसने केव्हाच अपुरी पडू लागली होती, आणि दर हंगामात भाड्याचे तात्पुरते बाक आणून प्रेक्षकांची सोय करावी लागत होती. त्यामुळे नवे स्टेडियम हवे ही मागणी हवेतून आलेली नव्हती.

पण एकच शाळा ठेवण्याच्या निर्णयाचा एक परिणाम फारसा बोलला जात नाही. चार-पाच हजार विद्यार्थ्यांमागे मुख्य संघ एकच असतो. दोन शाळा असत्या तर दोन संघ झाले असते आणि मैदानात उतरणाऱ्या मुलांची संख्या जवळपास दुप्पट झाली असती. त्याऐवजी खेळणारे तेवढेच राहिले आणि पाहणारे वाढले. अठरा हजार आसनांची गरज या निर्णयातून निर्माण झाली. सॅन अँटोनिओचे अलामो स्टेडियम यापेक्षा मोठे आहे, पण १९४० मध्ये उघडलेले ते मैदान संपूर्ण डिस्ट्रिक्टच्या अनेक शाळा मिळून वापरतात. ॲलनचे स्टेडियम राज्यातील सर्वांत मोठे कधीच नव्हते. एकाच शाळेच्या वाट्याला आलेले एवढे मोठे स्टेडियम मात्र दुसरे नव्हते.

मे २००९ चे मतदान

मोठे बांधकाम करण्यासाठी डिस्ट्रिक्टला कर्जरोखे काढावे लागतात आणि त्यांना मतदारांची मंजुरी लागते. ॲलनमध्ये हे मतदान मे २००९ मध्ये झाले. एकूण प्रस्ताव सुमारे ११ कोटी ९० लाख डॉलरचा होता. त्यात स्टेडियम होते, नाट्य व संगीतासाठी सभागृह होते आणि बस व इतर सेवांसाठी केंद्र होते. अमेरिका तेव्हा मंदीत होती, तरी साठ टक्क्यांहून अधिक मते प्रस्तावाच्या बाजूने पडली.

एका मतदाराच्या जागी उभे राहून पाहू. त्याची मुलगी बँडमध्ये बासरी वाजवते, त्याला सभागृह हवे आहे. स्टेडियमबद्दल त्याचे मत डळमळीत आहे. बारा हजार आसने पुरली असती, असे त्याला वाटते. पण बारा हजार की अठरा हजार, असा प्रश्न त्याला कोणी विचारतच नाही. हा आकडा विश्वस्तांनी, वास्तुविशारदांनी आणि समित्यांनी आधीच ठरवलेला असतो. मतदारापुढे सगळे मिळून एक गाठोडे येते आणि त्यावर हो किंवा नाही एवढेच म्हणता येते.

शिवाय हा खर्च त्याला कोणत्या मापात सांगितला जातो, हेही पाहिले पाहिजे. मालमत्ता कराचा दर मूल्याच्या दर १०० डॉलरमागे इतके सेंट असा मांडतात. मी येथे केवळ हिशेब समजावा म्हणून काही आकडे गृहीत धरतो. समजा ६ कोटी डॉलरचे कर्ज ४ टक्के व्याजाने २५ वर्षांसाठी काढले, तर वर्षाचा हप्ता सुमारे ३८ लाख डॉलर होतो आणि पंचवीस वर्षांत साडेनऊ कोटी डॉलरहून अधिक रक्कम फेडावी लागते. समजा डिस्ट्रिक्टमधील करपात्र मालमत्तेचे मूल्य ८०० कोटी डॉलर आहे. मग हा हप्ता भागवायला दर १०० डॉलरमागे पाच सेंटांहूनही थोडा कमी कर पुरतो. २ लाख डॉलरच्या घराला तो वर्षाकाठी ९६ डॉलर, म्हणजे महिन्याला आठ डॉलर पडतो. साडेनऊ कोटींचा आकडा ऐकून दचकणारा माणूस महिन्याच्या आठ डॉलरला सहज मान डोलावतो. दोन्ही आकडे खरेच आहेत, पण प्रचाराच्या पत्रकावर दुसराच ठळक छापला जातो.

त्यातही घरावर कर्ज असेल तर बँक दरमहा हप्त्याबरोबर कराचे पैसे बाजूला काढून ठेवते आणि डिस्ट्रिक्टचा कर परस्पर भरते. ऑक्टोबरच्या सुमारास कराचे बिल निघते, ३१ जानेवारीपर्यंत ते भरायचे असते, पण अनेक घरांमध्ये ते बिल कोणी उघडूनही पाहत नाही. जो कर हातातून जाताना दिसत नाही, त्याच्या वाढीला विरोधही सहसा होत नाही.

दोन कप्प्यांतील पैसा

आता त्या सर्वांत गाजलेल्या आक्षेपाकडे येतो. २०११ मध्ये, स्टेडियमचे बांधकाम चालू असताना, टेक्सासच्या विधिमंडळाने दोन वर्षांच्या अर्थसंकल्पात सार्वजनिक शिक्षणाच्या निधीला सुमारे ५४० कोटी डॉलरची कात्री लावली. राज्यभर शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या, वर्गातील मुलांची संख्या वाढली आणि सहाशेंहून अधिक डिस्ट्रिक्ट राज्याविरुद्ध न्यायालयात गेले. अशा वर्षात ॲलनमध्ये क्रेन उभ्या होत्या. वर धरलेल्या हिशेबातील ३८ लाख डॉलरमध्ये, पगार व इतर लाभ मिळून प्रत्येकी ६० हजार डॉलर धरले, तरी साठहून अधिक शिक्षक नेमता आले असते. मग स्टेडियम कशाला, असा प्रश्न कोणालाही पडेल.

त्याचे कायदेशीर उत्तर सरळ आहे. टेक्सासमध्ये शाळेच्या कराचे दोन भाग असतात. एक भाग देखभाल व चालू खर्चाचा, ज्यातून शिक्षकांचे पगार, वीज, बसचे डिझेल भागते. दुसरा भाग व्याज व कर्जफेडीचा, ज्यातून फक्त कर्जरोख्यांचे हप्ते जातात. कर्जरोख्यांतून उभा राहिलेला पैसा पगाराला वापरता येत नाही. म्हणजे स्टेडियम रद्द झाले असते तरी त्या वर्षी एकाही शिक्षकाची नोकरी त्या पैशाने वाचली नसती. ॲलनचे अधिकारी हे वारंवार सांगत होते आणि ते खोटे बोलत नव्हते.

परंतु एवढ्यावर चर्चा संपवणे मला मान्य नाही. सरकारदरबारी कप्पे दोन असले, तरी घरमालकाचा खिसा एकच असतो. त्याने एका कप्प्यासाठी कर वाढवून दिला, की दुसऱ्या कप्प्यासाठी हात आखडतो. याचे उदाहरण शेजारीच आहे. फ्रिस्कोमध्ये ऑगस्ट २०१६ मध्ये डॅलस काउबॉइज या व्यावसायिक फुटबॉल संघाच्या मुख्यालयाशेजारी १२ हजार आसनांचे बंदिस्त स्टेडियम उघडले, ज्यात शहराबरोबर स्कूल डिस्ट्रिक्टनेही सुमारे ३ कोटी डॉलर घातले होते. त्याच ऑगस्टमध्ये फ्रिस्कोच्या डिस्ट्रिक्टने चालू खर्चासाठी १३ सेंटांची करवाढ मतदारांकडे मागितली आणि मतदारांनी ती फेटाळली. तिच्यामागे इतरही कारणे होती. एका स्टेडियममुळे ती पडली असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण झगमगते मैदान समोर दिसत असताना पैसे कमी पडतात हे लोकांना पटवणे किती अवघड आहे, हे त्या महिन्यात दिसले.

दुसरी गोष्ट अधिक खोल आहे आणि माझ्या मते संपूर्ण प्रकरणाचे मूळ तिथे आहे. गरीब व श्रीमंत डिस्ट्रिक्टमधील दरी कमी करण्यासाठी टेक्सासने १९९३ मध्ये कायदा केला, ज्यानुसार मालमत्तेने श्रीमंत असलेल्या डिस्ट्रिक्टच्या चालू खर्चाच्या करातील काही भाग राज्य काढून घेते आणि इतरत्र वापरते. लोक त्याला रॉबिन हूड योजना म्हणतात. ही वसुली फक्त चालू खर्चाच्या कराला लागते. कर्जफेडीच्या करातील एकही डॉलर बाहेर जात नाही. आता एखाद्या सधन डिस्ट्रिक्टच्या विश्वस्ताच्या जागी बसून विचार करा. शिक्षकांसाठी कर वाढवला तर त्यातील काही पैसा राज्य घेऊन जाण्याची शक्यता, शिवाय त्या दरावर कायद्याची वेगळी मर्यादा. बांधकामासाठी कर वाढवला तर सगळा पैसा गावातच राहतो, सर्वांना डोळ्यांनी दिसतो आणि त्यावर गावाचे नाव कोरता येते. नियमांनीच पैशाला विटा आणि काँक्रीटकडे जाण्याचा उतार करून दिला आहे. ज्या गरीब डिस्ट्रिक्टमध्ये मालमत्तेचे मूल्य थोडे, तिथे पाच सेंटांच्या करातून उभी राहणारी रक्कम इतकी लहान असते, की गळणारे छप्पर दुरुस्त करायचे म्हटले तरी ओढाताण होते. राज्य त्यांना कर्जफेडीसाठी काही मदत करते, पण तिने ही तफावत मिटत नाही.

कर कोण भरते, मत कोण देते

टेक्सासच्या कायद्यानुसार घरमालकाला ६५ वर्षे पूर्ण झाली, की त्याच्या राहत्या घरावरील शाळेच्या कराची रक्कम गोठते. घरात मोठी भर घातली नाही तर ती त्यापुढे वाढत नाही, कर्जरोखे मंजूर झाले तरीही. म्हणूनच कर्जरोख्यांच्या प्रचारात ज्येष्ठ नागरिकांचा कर वाढणार नाही, हे वाक्य हमखास असते. ही सवलत योग्यच आहे. निवृत्त माणसाला वाढत्या करापायी घर विकावे लागू नये, यात वाद नाही. पण मे महिन्यातील स्थानिक निवडणुकीला मतदान मुळातच कमी होते, आणि मतदानाला नेमाने जाणाऱ्यांत ज्येष्ठ मोठ्या संख्येने असतात. ज्यांच्यावर बोजा पडणार नाही, अशांची मते त्यात बरीच असतात.

दुसऱ्या टोकाला आपली माणसे आहेत. ॲलन, प्लेनो, फ्रिस्को, मॅकिनी ही कॉलिन काउंटीतील गावे गेल्या वीस-पंचवीस वर्षांत भारतीय कुटुंबांनी भरली आहेत. ॲलनमध्ये राधाकृष्णाचे मोठे मंदिर आहे, डॅलस-फोर्ट वर्थ महाराष्ट्र मंडळाचे गणपती-दिवाळीचे कार्यक्रम या पट्ट्यातील मराठी कुटुंबांच्या जोरावर होतात. पुण्या-नागपूरहून एच-१बी व्हिसावर आलेले जोडपे शाळा चांगली म्हणून इथे घर घेते. घर घेतल्याच्या पहिल्या वर्षापासून शाळेचा कर भरते, त्यात स्टेडियमचा हप्ताही आला. पण नागरिकत्व नसल्याने कर्जरोख्यांवर त्यांना मत नाही, आणि नागरिकत्वाआधी लागणाऱ्या ग्रीन कार्डसाठी भारतीयांची रांग इतकी लांब आहे, की मुलगा बालवाडीतून पदवीदान समारंभापर्यंत पोहोचला तरी आईवडिलांच्या हाती मतपत्रिका येत नाही. त्यांना बोलायचे असेल तर दोन वाटा उरतात: विश्वस्त मंडळाच्या सभेत नागरिकांसाठी राखून ठेवलेली काही मिनिटे आणि अर्थसंकल्प व करदरावरील जाहीर सुनावणी. या दोन्ही वाटा रहिवाशांना खुल्या असतात, त्यासाठी नागरिकत्व लागत नाही. आपली मंडळी तिथे फार थोडी दिसतात, याची मला मनापासून खंत वाटते.

भेगा

स्टेडियमची रचना वाडग्यासारखी आहे. मैदान खाली, आसने उतरत जाणारी, आणि सभोवती प्रेक्षकांना फिरण्यासाठी काँक्रीटचा रुंद मार्ग, ज्यावर खाद्यपदार्थांचे स्टॉल व स्वच्छतागृहे. ३८ फूट रुंदीचा व्हिडिओ पडदा, दोन मजली पत्रकार कक्ष, शिवाय कुस्ती व गोल्फच्या सरावासाठी जागा. ऑगस्ट २०१२ च्या अखेरीस साउथलेक कॅरल या तुल्यबळ शाळेविरुद्ध पहिला सामना झाला आणि गाव लोटले.

भेगा त्या फिरण्याच्या मार्गाला गेल्या. काँक्रीट वाळताना आकसते आणि बारीक चिरा पडतात, हे बांधकामातील कोणालाही माहीत असते, त्यामुळे प्रारंभी काळजीचे कारण नाही असे वाटणे समजण्याजोगे होते. पण चिरा वाढत गेल्या. फेब्रुवारी २०१४ मध्ये डिस्ट्रिक्टने स्टेडियम बंद केले आणि बांधकामातील दोष शोधणाऱ्या अभियंत्यांकडे तपास दिला. तपासात असे निघाले, की काही आधार त्यांच्यावर येणारा भार पेलतील अशा रीतीने आखलेलेच नव्हते. थोडक्यात, दोष फक्त मिश्रणाचा किंवा हवामानाचा नव्हता, तो आराखड्यापर्यंत पोहोचत होता. २०१४ चा संपूर्ण हंगाम स्टेडियमला कुलूप राहिले आणि घरचे सामने प्लेनोच्या मैदानांवर खेळावे लागले. दुरुस्तीचा खर्च, जो एक कोटी डॉलरच्या घरात गेला, वास्तुविशारद व कंत्राटदार यांनी उचलला. करदात्यांवर तो पडू दिला नाही. याचे श्रेय डिस्ट्रिक्टला दिले पाहिजे, कारण सार्वजनिक बांधकामात असे नेहमीच घडत नाही. २०१५ मध्ये स्टेडियम पुन्हा खुले झाले.

ज्या वर्षी स्टेडियमला कुलूप होते, त्याच २०१४ मध्ये ॲलनच्या संघाने एकही सामना न गमावता राज्य अजिंक्यपद जिंकले. २०१२ व २०१३ पाठोपाठ ते सलग तिसरे होते. पुढे २०१९ मध्ये एनएफएल या व्यावसायिक फुटबॉल लीगच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत पहिल्या क्रमांकावर घेतला गेलेला कायलर मरे तेव्हा या संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चढाईची सूत्रे हलवणारा खेळाडू, होता. परक्या मैदानावर, दुसऱ्याच्या बाकांपुढे खेळून या मुलांनी ते मिळवले. चांगला प्रशिक्षक, सरावाची शिस्त आणि मुलांच्या मागे उभे राहणारे आईबाप हे ॲलनकडे स्टेडियमच्या आधीही होते. २००८ चे अजिंक्यपद त्याचीच साक्ष देते.

उत्पन्नातून खर्च भरून निघेल, हा युक्तिवादही इथेच तपासून पाहावा. एका हंगामात घरचे पाच-सहा सामने होतात. अठरा हजार आसनांपैकी प्रत्येक आसन भरले आणि तिकीट सरासरी ८ डॉलर धरले, तरी सहा सामन्यांचे पावणेनऊ लाख डॉलर होत नाहीत. म्हणजे व्याज-मुद्दलाचा हप्ता चौथाईनेही निघत नाही, आणि सफाई, सुरक्षा, कृत्रिम हिरवळ बदलणे यांचा खर्च तर अजून धरलेलाच नाही. तोही बांधकामाच्या कर्जातून न जाता चालू खर्चातून जातो, ज्यातून शिक्षकांचे पगार होतात. दोन कप्पे वेगळे आहेत हे सांगणाऱ्यांनी एवढी बाब सहसा सांगितली नाही.

शेजाऱ्यांनी काय केले

ॲलनच्या भेगा साऱ्या राज्याने पाहिल्या होत्या. त्यामुळे मोठ्या स्टेडियमांची हौस ओसरेल, असे वाटले असते. तसे झाले नाही. ॲलनला लागूनच असलेल्या मॅकिनीमध्ये मे २०१६ मध्ये २२ कोटी डॉलरचे कर्जरोखे मंजूर झाले, ज्यात १२ हजार आसनांचे स्टेडियम होते. त्याचा आराखडा तेव्हा ६ कोटी २८ लाख डॉलरचा होता. खर्च पुढे ७ कोटींच्या आसपास गेला. २०१८ मध्ये उघडण्याआधीच तिथल्याही काँक्रीटला भेगा दिसल्या.

ह्यूस्टनजवळच्या केटीचे उदाहरण माझ्या दृष्टीने सर्वांत बोलके आहे. नोव्हेंबर २०१३ मध्ये तिथे ९ कोटी ९० लाख डॉलरचा प्रस्ताव आला. त्यातील ६ कोटी ९५ लाख एकट्या स्टेडियमसाठी होते. मतदारांना नेमके काय मागितले जात आहे हे स्पष्ट दिसत होते आणि त्यांनी नाही म्हटले. वर्षभराने, नोव्हेंबर २०१४ मध्ये, स्टेडियम थोडे लहान करून, ५ कोटी ८० लाखांचे, ७४ कोटी ८० लाख डॉलरच्या भल्यामोठ्या प्रस्तावात घातले गेले. त्या प्रस्तावात नव्या शाळा होत्या, आणि केटीमध्ये मुलांची संख्या इतक्या वेगाने वाढत होती, की शाळांना नाही म्हणणे शक्यच नव्हते. प्रस्ताव मंजूर झाला. स्टेडियम २०१७ मध्ये उघडले, तोवर खर्च ७ कोटी डॉलरपर्यंत पोहोचला होता. म्हणजे ज्या रकमेला मतदारांनी थेट नकार दिला होता, तीच रक्कम शेवटी खर्च झाली. कोणी कायदा मोडला नाही. तरीही मतदारांच्या पहिल्या उत्तराचा मान राखला गेला, असे मला म्हणवत नाही.

२०१९ चा बदल

टेक्सासच्या विधिमंडळाने २०१९ मध्ये हे गाठोडे सोडायला लावले. आता एक हजारांहून अधिक प्रेक्षकांचे स्टेडियम, पोहण्याचा बंदिस्त तलाव, कलागृह, शिक्षकांची निवासस्थाने, तंत्रज्ञान अशा बाबींसाठी डिस्ट्रिक्टला कर्ज हवे असेल, तर प्रत्येकाचा प्रस्ताव मतपत्रिकेवर वेगळा मांडावा लागतो. त्याशिवाय शाळेच्या प्रत्येक कर्जरोख्यांच्या प्रस्तावाखाली, ही मालमत्ता करातील वाढ आहे, अशा अर्थाचे वाक्य मोठ्या अक्षरांत छापणे बंधनकारक झाले. हे दुसरे बंधन मला पूर्णपणे पटत नाही. मालमत्तेचे मूल्य वाढत असल्याने प्रत्यक्ष करदर वाढणार नसला तरी तेच वाक्य छापावे लागते, आणि गळकी शाळा दुरुस्त करू पाहणाऱ्या गरीब डिस्ट्रिक्टलाही त्याचा फटका बसतो. पण पहिले बंधन निःसंशय चांगले आहे.

त्याचा परिणाम ॲलनपासून फार दूर नसलेल्या प्रॉस्परमध्ये नोव्हेंबर २०२३ मध्ये दिसला. प्रॉस्परची वस्ती धडाक्याने वाढते आहे. २०१९ मध्ये तिथे ५ कोटी डॉलरहून अधिक खर्चाचे १२ हजार आसनांचे स्टेडियम उघडले होते. त्यानंतर चार वर्षांनी डिस्ट्रिक्टने आणखी एका स्टेडियमसाठी ९ कोटी ४० लाख डॉलर मागितले. मतपत्रिकेवर शाळांचा प्रस्ताव वेगळा होता, स्टेडियमचा वेगळा. त्याच लोकांनी, त्याच दिवशी, शाळांसाठी दोनशे कोटी डॉलरहून अधिक रकमेला हो म्हटले आणि स्टेडियमला नाही म्हटले. हे मतदार करविरोधी नव्हते आणि खेळाचे शत्रूही नव्हते. त्यांना दोन प्रश्न वेगवेगळे विचारले गेले, म्हणून त्यांनी दोन उत्तरे दिली.

मे २००९ मध्ये ॲलनच्या मतदारांना असेच विचारले असते तर काय झाले असते, हे सांगता येत नाही. कदाचित त्यांनी स्टेडियमलाही हो म्हटले असते. त्या गावाचे आपल्या संघावर प्रेम आहे आणि शुक्रवारच्या रात्री तिथल्या दिव्यांखाली म्हातारेकोतारे, नवी आलेली कुटुंबे, बँडची मुले एकत्र बसतात, ही किरकोळ गोष्ट नाही. माझा आक्षेप त्या प्रेमावर नाही. आसने किती, एकूण फेड किती, देखभाल कोणत्या खात्यातून आणि दुसरी शाळा काढली तर काय, हे चार आकडे मतदानापूर्वी एका कागदावर गावापुढे आले असते, तर तो होकार गावाचा खराखुरा होकार ठरला असता.

गाव आता भरले आहे. २०२० च्या जनगणनेत ॲलनची वस्ती एक लाखाच्या पुढे गेली, पण मोकळी जमीन संपत आली, घरे महागली, लहान मुले असलेली तरुण कुटुंबे आणखी उत्तरेकडे सेलिना-प्रॉस्परकडे जाऊ लागली आणि शाळांतील पट घसरू लागला. डिसेंबर २०२२ मध्ये विश्वस्त मंडळाने दोन प्राथमिक शाळा बंद करण्याचा ठराव केला. शाळा रिकाम्या पडत चालल्या की चालू खर्च वाचवण्यासाठी वर्ग एकत्र करता येतात, इमारत बंद करता येते. कर्जरोख्यांचे तसे नसते. पटावर मुले किती उरली आहेत हे न पाहता त्यांचा हप्ता ठरल्या तारखेला भरावाच लागतो. त्या दोन शाळांतील मुलांना पुढच्या ऑगस्टपासून दुसऱ्या शाळांमध्ये पाठवण्यात आले, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस स्टेडियममध्ये फुटबॉलचा नवा हंगाम सुरू झाला.